वर्गसमीकरण काढून टाकलं, तर कर्जाचा दर कशानं काढणार?

‘शाळेनं वर्गसमीकरणं घोकून घेतली, पण कर्ज कसं घ्यावं ते शिकवलं नाही. गणिताचे तास कापा, त्या जागी पैशांचा विषय आणा.’ हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. यात खरं तर तीन दावे आहेत.

‘गणिताचा पैशांशी संबंध नाही.’ २०१२च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांची आर्थिक साक्षरता वेगळी तपासली गेली. गणिताच्या गुणांशी तिचा सहसंबंध ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांत सरासरी ०.८३ निघाला (१ म्हणजे दोन्ही पूर्णपणे सोबत वाढतात, ० म्हणजे तसा संबंध नाही). एवढ्यावरून गणित हेच कारण ठरत नाही, पण ‘संबंध नाही’ हे तर मुळीच टिकत नाही.

‘वर्गसमीकरण कुठे लागतं?’ नेमकं कर्जातच लागतं. १,००० उसने घेतले, दोन महिने ५५०चा हप्ता. वरचे १०० म्हणजे १० टक्के, दोन महिन्यांत वाटले की महिन्याला ५, असा हिशेब बहुतेक मुलं करतात. चूक भागाकारात नाही, टक्के कशाचे यात आहे. पहिल्या हप्त्यानंतर हातात पूर्ण १,००० उरलेलेच नसतात, या हिशेबात व्याज मात्र त्यावरच धरलेलं. व्याज लागून रक्कम दर महिन्याला जितकी पट होते तो गुणक क्ष मानला, तर १,०००क्ष² − ५५०क्ष − ५५० = ०. धन मूळ सुमारे १.०६६, म्हणजे दर महिना ६.६ टक्के. ताळा करा: १,०६६ मधून ५५० गेले, उरले ५१६, ५१६ × १.०६६ म्हणजे जवळपास ५५०. कर्ज फिटलं.

लॉगॅरिदमचंही तेच. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना ३ टक्के व्याज लागतं आणि व्याजासह रकमेच्या ५ टक्केच भरले, तर थकबाकी दरमहा १.०३ × ०.९५ = ०.९७८५ पट होते. नवी खरेदी शून्य धरली, तरी ती निम्मी व्हायला ३२ महिने लागतात; ०.९७८५ चा कितवा घात ०.५ होतो, हे लॉगॅरिदमच सांगतं.

‘वेगळा विषय ठेवला की झालं.’ अमेरिकेत कोल, पॉलसन आणि शास्त्री यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राज्यांनी सक्तीच्या केलेल्या वैयक्तिक अर्थव्यवहाराच्या अभ्यासक्रमांचा परिणाम आढळला नाही. जादा गणित शिकलेल्यांची गुंतवणूक आणि कर्जफेड मात्र सुधारलेली दिसली. पुढे जॉर्जिया, आयडाहो आणि टेक्सासमधल्या नव्या सक्तीनंतर तरुणांची कर्जफेड सुधारल्याचंही आढळलं. म्हणजे विषय निरुपयोगी नाही. करारातल्या अटी, दंड, विम्यातले अपवाद गणित शिकवत नाहीच.

पण तक्रारीचा रोख चुकीच्या जागी आहे. पुस्तकातलं उदाहरण मुद्दल, दर, मुदत ताटात वाढून देतं. मूल सूत्रात आकडे भरतं. त्याऐवजी कर्जाचं पूर्ण पत्रक द्यावं: हप्ता, प्रक्रिया शुल्क, मुदत, शिवाय दोन बिनकामाचे आकडे. दर लपवावा आणि तोच विचारावा. शुल्क कर्ज देतानाच कापलं असेल, तर ते मुद्दलातून वजा करून समीकरण मांडायचं. मुलं सर्वांत जास्त इथेच अडखळतात.