नळीतली पेज

आमच्या वाड्यावरच्या आंटीच्या मेंदूत पाडव्याच्या सुमारास रक्तस्राव झाला. तेव्हापासून डोळे उघडे असतात, पण ओळख नाही. नाकातल्या नळीतून दिवसातून सहा वेळा गाळलेली पेज, डाळीचं पाणी, दूध. हे सगळं धाकटी मुलगी करते. जहाजावरचा मुलगा फोनवर विचारतो, "असं किती दिवस चालायचं?" तिचं उत्तर ठरलेलं: "नळी काढली तर पाप लागेल."

आंटी कॅथलिक, मी हिंदू. इगर्जीच्या (चर्चच्या) गोष्टीत हा कशाला तोंड घालतो, असं कुणी म्हणेलही. पण इस्पितळात व्हेंटिलेटरचा प्रश्न आला तेव्हा मी तिथे होतो. तेव्हाही ती "पाप, पाप" म्हणत रडत होती, आणि तिथे ती चुकत होती. आशा उरली नसेल तर असाधारण उपायांनी श्वास चालू ठेवायची सक्ती नाही, हे पोप पायस बारावे यांनी 1957 सालीच भूलतज्ज्ञांना सांगून ठेवलंय. फादरनी येऊन तेच कोकणीत समजावलं, तेव्हा कुठे ती शांत झाली. (आंटी पुढे आपणहून श्वास घेऊ लागली, ते सोडा.)

पेजेचं वेगळं आहे. 20 मार्च 2004 च्या भाषणात पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की अन्नपाणी, नळीतून दिलं तरी, उपचारात मोडत नाही. तत्त्वतः ते द्यायलाच हवं. मला पटतं. त्याला कॅथलिक असावं लागत नाही. मुंबईच्या केईएम इस्पितळातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर भान हरपून पडून होत्या; त्यांचं अन्न थांबवा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा त्यांना 1973 पासून सांभाळणाऱ्या तिथल्या परिचारिकाच विरोधात उभ्या राहिल्या होत्या. 2011 मध्ये मागणी फेटाळली गेली.

फक्त तो "तत्त्वतः" वाड्यापर्यंत पोचत नाही. अन्न अंगी लागतं तोवरच हे बंधन, असा खुलासा 2007 मध्ये व्हॅटिकननेच केला. उद्या आंटीच्या पोटात पेज ठरेना झाली, तर नळी काढणं पाप नव्हे. हे त्या पोरीला आजच कुणीतरी सांगायला हवं. आणखी एक: 2004 च्या त्याच भाषणात अशा रुग्णांच्या घरच्यांना आधार द्या, असंही सांगितलं होतं. ते बरं कुणाला आठवत नाही!

31 मे 2024 ला उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी गोव्यात लिव्हिंग विल (शुद्ध हरपल्यास कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणारा कागद) नोंदवलं, त्या दिवशी आंटी पेपर बाजूला ठेवून हसली होती, "मरणाचे कागद कित्याक (कशाला)?" आता तिच्या मनात काय होतं, ते आम्ही हुडकत बसलोय.

मुलगा नाताळला येतोय. त्याला म्हणणार आहे, बाबा, आधी महिनाभर पेज तू भरव. बहीण झोपू दे. मग बसू बोलायला.