कळतं हो मामी, सगळं कळतं

आमच्या फॅमिली ग्रुपवर चार दिवस एकच विषय चाललाय. मावसबहिणीचा सहा वर्षांचा बॉयफ्रेंड आता लग्नाला नाही म्हणतोय. मामा म्हणतो सरळ केस टाका, नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, कलम ६९ आहे, दहा वर्षं आत जाईल. मामी म्हणते, एवढी शिकलेली मुलगी, तिला कळायला नको? (तिला विचारूनच लिहितेय.)

कळतं हो मामी, सगळं कळतं. म्युनिकला आल्यावर पहिली दोन वर्षं मी अशाच एकात अडकले होते, पुण्याचाच मुलगा. मारियनप्लाट्झला, म्हणजे इथल्या मुख्य चौकात, माशाचं कारंजं आहे, इथे सगळे तिथेच भेटायचं ठरवतात. डिसेंबरात मी तिथे पन्नास मिनिटं उभी, बोटं बधिर, हा फोन उचलत नाही, आणि मग धावत आला, स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला, माझे हात हातात घेऊन चोळत बसला आणि माझा सगळा राग गेला. कधीच आला नसता तर मी सुटले असते. पण कधी यायचा कधी नाही, म्हणून थांबत राहिले. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातली कबुतरं अशीच, दाणा कधी पडेल याचा नेम नसला की चोच मारणं थांबतच नाही.

आणि मामा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेलं ते कलम म्हणजे पाळायचा हेतूच नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवणं. खोटं वचन वेगळं आणि मोडलेलं वचन वेगळं हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच केसमध्ये सांगितलंय. पहिल्यापासून फसवलं असेल तर केस केलीच पाहिजे. पण हा तर मावशीबरोबर हॉल बघायला गेला होता. अशी माणसं बोलतात तेव्हा मनापासूनच बोलतात हो, म्हणून तर जीव अडकतो, निभवायची वेळ आली की गायब.

जर्मनीतही १९०० पासून कायदा होता, क्रान्त्सगेल्ड, संबंध आल्यावर मुलाने विनाकारण साखरपुडा मोडला तर मुलीला भरपाई. पण मुलगी आधी 'निष्कलंक' हवी, म्हणजे तपासणी परत तिचीच. १९९८ ला काढून टाकला. आपल्याकडेही चौकीत पहिले प्रश्न तिलाच विचारतील, याची मला भीती वाटते.

इथलं सगळं बरं असं मात्र मी म्हणणार नाही. माझी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, तुझा निर्णय, आणि विषय संपला. दोन वर्षांत कुणी विचारलं नाही की अगं तू नीट जेवतेस का, हा माणूस तुला रडवतो का. तेव्हा मला मामी हवी होती, फक्त टोमणा न मारणारी.

काल बहिणीचा फोन आला, माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिच्याकडे दोन. म्हणाली, ताई, त्याचा मेसेज आलाय, उद्या भेटू म्हणतोय, जाऊ का? मी म्हटलं, आत्ता उत्तर नको देऊस, आधी मला सांग आज काय खाल्लंस.