खुलासा : आजोबा-पणजोबांची लष्करी वैद्यकीय नोंद एएफएमसीत नाही

‘पहिल्या महायुद्धातल्या लष्करी डॉक्टरांच्या फायली पुण्याच्या एएफएमसीत मिळतात’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. एएफएमसी, म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, ही १९४८ मध्ये सुरू झाली, आणि ती शिक्षणसंस्था आहे. तिथे खेटे घालू नका.

आधी हुद्दा शोधा. पदकाच्या कडेवर बहुधा नाव, हुद्दा, तुकडी कोरलेली असते. घासूनपुसून ती चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. कॅप्टन, मेजर आणि ‘आय.एम.एस.’ असेल तर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी. त्यांचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या तेव्हाच्या ब्रिटिश खात्याच्या) दप्तरात शोधावेत. ‘सब-असिस्टंट सर्जन’ असेल तर ते इंडियन मेडिकल डिपार्टमेंटचे. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण घरात ‘डॉक्टर’ एवढंच सांगितलं जातं आणि शोध आय.एम.एस.च्या यादीत होतो. सब-असिस्टंट सर्जनांसाठी त्या काळच्या छापील ‘इंडियन आर्मी लिस्ट’ वर्षावार चाळाव्यात.

३ एप्रिल १९४३ ला या सेवा एकत्र येऊन आजच्या आर्मी मेडिकल कोअरची (एएमसी) सुरुवात झाली. त्यानंतरच्या जवानांसाठी लखनौच्या एएमसी रेकॉर्ड्सला सेवाक्रमांकासह लिहावं. आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं मात्र सगळी तपासा : गोखले, जोशी दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडतात.