‘वर्डप्रेस टाका नि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेला आठवडाभर तो मेसेज फिरतोय. संस्थेच्या ग्रुपवर तीनदा आला, गावच्या ग्रुपवर आला, मेव्हण्याने तर वेगळा पाठवून खाली ‘भावोजी, हे तुमचंच काम ना’ असं लिहिलं. ज्यांच्याकडे पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: शिक्षण संस्था, पतसंस्था, नगरपरिषदा, कुणीही वेबसाईटसाठी समिती नेमू नये, कोटेशनं मागवू नयेत, कुठला सीएमएस (म्हणजे साईटच्या मागची बाजू, जिथे बसून क्लार्क नोटीस टाकतो, फोटो चढवतो) घ्यायचा यावर मीटिंगा घेऊ नयेत. सरळ वर्डप्रेस हाच सीएमएस घ्यावा. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईट त्याच्यावर आहेत, व्हाईट हाऊसचीसुद्धा, ते फुकट आहे, लागेल ते प्लगइनने (वरून बसवायच्या छोट्या सॉफ्टवेअरने) होतं, मराठी मस्त चालते, डेमो बघा नि घ्या, एकदा करून घेतलं की झालं, आणि नाहीच आवडलं तर नंतर बदलता येतं. शेवटी नेहमीप्रमाणे ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलेलं नाही, म्हणून पुढे न पाठवता हे लिहितोय.

मी रत्नागिरीत एका शिक्षण संस्थेचं कॉम्प्युटरचं सगळं बघतो. शाळा-कॉलेजं धरून तीसेक युनिटं, मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेली, आणि नवीन वेबसाईटसाठी सीएमएस शोधायचं काम चार महिने माझ्याच गळ्यात आहे. वर्डप्रेसशी माझं काही वाकडं नाही, इथे नोकरीला लागायच्या आधी त्याच्यावरच पोट भरलंय. आमच्या गणिताच्या सरांसारखं म्हणायचं तर उत्तर कदाचित बरोबर असेलही, पण ते शेजाऱ्याच्या पेपरात बघून आलेलं आहे.

‘४० टक्के जग वापरतं.’ आकडा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मोजणी कशाची आहे ते बघा ना. मालवणातल्या होमस्टेची चार पानांची साईट आणि हजारो पानांची विद्यापीठाची साईट, दोन्ही एकेकच धरल्या जातात. रस्त्यावर सगळ्यात जास्त दुचाकी दिसतात म्हणून एसटी महामंडळाने स्प्लेंडर घ्यायच्या का? व्हाईट हाऊसचं तर अजून गमतीचं आहे, तीच साईट २००९ मध्ये ड्रुपल या दुसऱ्या सीएमएसवर गेली होती, तेव्हा ड्रुपलवाले हीच कॉलर ताठ करून फिरत होते, मग २०१७ च्या शेवटी ती वर्डप्रेसवर आली. म्हणजे त्यांनी एकदा निवडलं नि मोकळे झाले असं काही नाही. आणि त्यांच्याकडे माणसं आहेत हो, आमच्याकडे मी आणि अर्धा दिवस येणारा एक लॅब असिस्टंट.

‘फुकट आहे.’ लायसन्स फुकट आहे, हे शंभर टक्के खरं. जीपीएल लायसन्स आहे, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं अशी परवानगी, २००३ पासून तसंच आहे. ड्रुपल, जूमला हे सीएमएसही तसेच फुकट. मग खर्च कुठे होतो? होस्टिंग, डिझाईन, जुन्या साईटवरचा माल नवीनवर आणणं (आमच्याकडे पीडीएफचा ढीग आहे, त्यातल्या निम्म्यांची नावं ‘स्कॅन००१’ अशी), तीस ठिकाणच्या लोकांना शिकवणं, आणि पैसे देऊन घेतलेल्या प्लगइनांचं दरवर्षीचं रिन्यूअल, जे बऱ्याचदा डॉलरमध्ये असतं. पाच वर्षांचा खर्च मांडला तेव्हा आमच्या खजिनदारांनी चष्मा काढून परत घातला. उलट बाजूला एक विक्रेता महागडा परदेशी सीएमएस घेऊन आला होता, मोठा पीपीटी, मोठी नावं. त्यालाही आम्ही नाहीच म्हटलं, कारण त्याच्या अर्ध्या सोयी वापरायला आमच्याकडे कुणी नाही. आणि नगरपरिषदांना ‘कोटेशन मागवू नका’ सांगणाऱ्याने सरकारी ऑडिट कधी बघितलेलं नाही, एवढंच म्हणतो. त्यांना सरकारी वेबसाईटच्या गाईडलाईन्स पण पाळाव्या लागतात, दिव्यांगांना साईट वापरता यायला हवी हे त्यात आलंच, त्या मेसेजमध्ये त्याचा ‘द’ सुद्धा नाही.

‘लागेल ते प्लगइनने होतं.’ होतं की. पण आमची गरज ऐका. गुहागरच्या मुख्याध्यापकांनी फक्त गुहागरचं पान बदलावं, लांज्याच्या पानाला त्यांचा हात लागू नये, आणि काहीही लोकांना दिसण्याआधी हेड ऑफिसने बघावं. साधी गोष्ट वाटते. वर्डप्रेसमध्ये मुळात पाच रोल: ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर, सबस्क्रायबर. एडिटर केलं तर सर सगळ्यांची पानं बदलू शकतात, कॉन्ट्रिब्युटर केलं तर साधा फोटो चढवता येत नाही. मग एकतर मल्टिसाईट करायची, म्हणजे प्रत्येक शाळेला आपली साईट (ही सोय २०१० पासून आहे आणि चांगली आहे), नाहीतर परवानग्यांसाठी प्लगइन. ड्रुपलमध्ये तपासून मग प्रसिद्ध करायची साखळी मूळ सॉफ्टवेअरमध्येच येते, बाहेरून काही आणावं लागत नाही.

आणि प्लगइन म्हणजे कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या घरात राहायला घेणं. एका कंपनीने आम्हाला दाखवलेल्या साईटवर मी मोजली, ३१ होती. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स नावाचं दोन लाख साईटवर चालणारं प्लगइन मूळ मालकाने विकलं, नवीन मालकाने अपडेटमधून त्यात मागचं दार बसवलं आणि लोकांच्या साईटवर स्पॅम टाकायला लागला. अपडेट करणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती, उलट शहाण्यासारखं वेळेवर अपडेट केलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तर दोन कंपन्यांच्या भांडणात ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे एवढं मोठं प्लगइन वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत एका रात्रीत दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, तिथलं नावसुद्धा बदललं. म्हणून आम्ही आता प्रत्येक प्लगइनपुढे लिहितो, मालक कोण, शेवटचं अपडेट कधी, आणि हे बंद पडलं तर आमचं काय अडेल.

‘मराठी मस्त चालते.’ इथे मला खरंच बोलायचंय. दिसायला चालते. पण पान सेव्ह करताना त्याचा पत्ता, म्हणजे लिंक, आपोआप शीर्षकावरून बनतो, आणि त्या पत्त्याला वर्डप्रेसमध्ये २०० अक्षरांची मर्यादा आहे, इंग्रजी अक्षरांची. मराठीचं एकेक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, हलन्तसुद्धा, तिथे नऊ-नऊ जागा खातं. म्हणजे मराठीला मिळतात जेमतेम २२. ‘इयत्ता अकरावी विज्ञान शाखा प्रवेश पहिली गुणवत्ता यादी’ असं टाकलं तर पत्ता ‘इयत्ता-अकरावी-विज्ञान-शा’ इथेच तुटतो. दुसरी यादी टाकली, ती पण तिथेच तुटते, मग शेवटी -२, तिसरीला -३. आता समजा पहिली काढून टाकून परत चढवली, की आकडे आणि याद्या यांचा काही मेळ राहत नाही. पालकांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवा, टक्का-ई-शून्य-टक्का-ए-चार अशी तीन ओळींची माळ जाते आणि लोक व्हायरस समजून उघडतच नाहीत! उपाय आहे, पत्ता हाताने छोटा लिहायचा, दहा सेकंदांचं काम. पण हे तीस क्लार्कांना सांगावं लागतं, आणि निवडतानाच माहीत असावं लागतं.

जुनी परिपत्रकं श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाईप केलेली, ती पेस्ट केली की नुसता कचरा उमटतो, युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. शोधाची तर वेगळीच तऱ्हा, ‘दुसऱ्या’ मधला तो ऱ्य दोन पद्धतीने टाईप होतो, डोळ्याला सारखाच दिसतो, पण ट्रायलमध्ये एक शोधला तर दुसरा सापडेना.

‘डेमो बघा नि घ्या.’ डेमो म्हणजे आंब्याच्या पेटीचा वरचा थर. पुढे जाऊ.

‘एकदा करून घेतलं की झालं.’ कोकणात राहणाऱ्या माणसाने हे वाक्य फॉरवर्ड करावं याचंच आश्चर्य वाटतं. दरवर्षी पावसाआधी कौलं परतायला माणूस मिळेना म्हणून मे महिना धावपळीत घालवणारे आपण. २०१४ च्या १५ ऑक्टोबरला ड्रुपलने एक मोठं भोक बुजवणारं अपडेट काढलं, आणि दोन आठवड्यांनी त्यांनीच जाहीर केलं की ज्यांनी पहिल्या सात तासांत ते टाकलं नाही त्यांनी आपली साईट हॅक झालीय असंच धरून चालावं. सात तास! आमची आधीची साईट ज्याने केली तो पुढे पुण्याला गेला, फोन लागेना, पासवर्ड त्याच्याकडेच, आणि वर्षभराने आमच्या मुलींच्या शाळेच्या पानावर परदेशी बुटांची जाहिरात. ते आधी लक्षात आलं एका आजोबांच्या.

होस्टिंगबद्दल तो मेसेज गप्पच आहे. आमच्या मीटिंगमध्येही एकाने सुचवलं, सर्व्हर हेड ऑफिसलाच ठेवूया, डेटा आपल्या हातात राहील. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा मंडणगड-दापोलीकडे किती दिवस लाईट नव्हती ते आठवा म्हटलं, विषय संपला.

‘नंतर बदलता येतं.’ येतं, घर बदलता येतं तसंच. वर्डप्रेसमधून मजकूर बाहेर काढायची सोय आहे, पण पानं पेज बिल्डरने (पान ओढून-सोडून सजवायच्या प्लगइनने) बनवलेली असली तर दुसरीकडे नेताना मजकुराबरोबर चौकटी कंसांची भरताड येते. ड्रुपल ७ वाल्यांना ८ वर जाताना तर जवळजवळ नवीन साईट बांधायला लागली, म्हणूनच ते ७ इतकं लांबलं की २०११ ला आलेलं शेवटी ५ जानेवारी २०२५ ला बंद झालं. आणि माहितीपुस्तिकांवर छापलेले क्यूआर कोड? ते जुन्याच पत्त्यावर जाणार. आम्ही म्हणून घ्यायच्या आधीच बाहेर काढून बघतोय, शंभर पानं भरायची, एक्स्पोर्ट करायची, दुसरीकडे उघडायची.

आता त्या मेसेजच्या बाजूने एक गोष्ट, जी त्याने स्वतःच लिहिली नाही. दापोलीकडच्या एका शाळेतल्या क्लार्क ताईंना आम्ही वर्डप्रेस आणि ड्रुपल दोन्हीकडे एकच काम दिलं: ‘उद्या अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी’ ही नोटीस मोबाईलवरून टाका, आणि चुकून टाकलेली तारीख दुरुस्त करा. शिकवलं काहीच नाही. वर्डप्रेसवर चहा गार व्हायच्या आत झालं. ड्रुपलवर दोनदा फोन, ‘अहो सर, सेव्ह केलं, पण दिसत कुठे नाय’, कारण तपासणीच्या साखळीत ते अडकलेलं, म्हणजे आम्हीच मागितलेल्या सोयीने. संध्याकाळी सहाला सुट्टीची नोटीस टाकायची तर मंजुरी द्यायला हेड ऑफिसला कोण बसलंय, याचा विचार आम्हीसुद्धा केला नव्हता. ताईंनी तो करायला लावला, ४० टक्क्यांनी नाही.

मेव्हण्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ते सगळं ठीक आहे हो भावोजी, पण शेवटी घेताय कुठलं? दोन उरलेत, वर्डप्रेस मल्टिसाईट आणि ड्रुपल. राजापूरच्या दोन शाळांची ट्रायल बाकी आहे, तिथे चार दिवस नेट नाही, आलं की जातो.