न्यायालय बंद झालं, जमिनीच्या वह्या कुठे गेल्या?
पूर्व जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या आम्ट्सगेरिश्टवरच्या, म्हणजे स्थानिक प्राथमिक न्यायालयावरच्या, लेखात त्याचा १८७९ ते १९५२ चा काळ नीट आला आहे, पण अशा न्यायालयाचं मोठं काम, म्हणजे ग्रुंडबुख ही जमीन-नोंदवही, राहूनच गेलं. १९५२ मध्ये या वह्या न्यायालयांकडून काढून जिल्हा प्रशासनाकडे दिल्या. बंद केलेल्या वह्यांचा मोठा साठा पुढे एल्बेकाठच्या बार्बीच्या राजवाड्यात जमा झाला. १९९० च्या जर्मन एकीकरणानंतर मालमत्ता परत मागणाऱ्यांना त्या फार मोलाच्या ठरल्या. म्हणून जुना मालक शोधताना जमिनीच्या आजच्या उताऱ्यावर थांबू नका. जुना खंड आणि पान क्रमांक शोधून बंद वहीच मागवा. नाहीतर १९४५ च्या जमीन सुधारणेआधीचा (मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून वाटल्या गेल्या, त्याआधीचा) मालक बहुधा हाती लागत नाही. शिवाय नाझी राजवटीत, १९३४ पासून, काही आम्ट्सगेरिश्टांना सक्तीच्या नसबंदीचे निकाल देणारं न्यायालय जोडलेलं होतं. या गावी ते होतं का, हे लेखात जरूर लिहा.