यंदा काटकसर करायचीच की ओ!

क्रेडिट सोसायटीचं नवीन कॅलेंडर आलं. गुळगुळीत कागद, वर चेअरमनसाहेबांचा हात जोडलेला मोठा फोटो, त्याखाली व्हाइस चेअरमन, त्याखाली संचालक मंडळ पासपोर्ट साइजमधे, आणि उरलेल्या जागेत तारखा. प्रत्येक महिन्याला एक सुविचार. जानेवारीत बचतीचा, फेब्रुवारीत काटकसरीचा, मार्चमधे 'अनावश्यक खर्च टाळा' आणि मागच्या पानावर नवीन वर्षाची खास ठेव योजना. ह्याच सोसायटीत माझ्या निपाणीच्या मावशीची मुदत ठेव अडकून पडलीय. मुदत कधीच संपली, दिवाळी पण येऊन गेली. पण ते असूदे. कॅलेंडर वाचून मला एवढी प्रेरणा मिळालीय की म्हटलं आपण पण चार गोष्टी सांगूया लोकांना, सल्ला द्यायला कुठं जीएसटी लागतोय.

तर पहिलं, चहा सोडा. मोबाईलवर रील करणारी सगळी पोरं हेच सांगतात त्यामुळं खरंच असणार. दिवसाला दोन चहा, वीस रुपये, वर्षाचे ७,३०० रुपये. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत भट्टीसमोर उभं राहून शिफ्ट काढणाऱ्यानं तर आधी सोडावा, कारण त्याच्याकडं सोडण्यासारखं तेवढंच आहे. घरभाडं सुटत नाही, पोराच्या शाळेची फी सुटत नाही, गाडीचा हप्ता तर झोपेत पण सुटत नाही. राहिला चहा. ज्यानं हे सांगितलं तो एसीत बसून दोनशेची कॉफी पितोय, पण त्याचं ते नेटवर्किंग असतंय, आपला तो फालतू खर्च.

दुसरं म्हणजे ३६५ दिवसांचं ते चॅलेंज घ्या. ग्रुपवर फिरतंय बघा, एक तारखेला १ रुपया, दोन तारखेला २ रुपये, असं रोज वाढवत जायचं, वर्षाच्या शेवटी ६६,७९५ रुपये. हिशेब बरोबर आहे, मी करून बघितला. जानेवारी महिन्यात सगळे मिळून ४९६ रुपये पडतात, त्यामुळं सगळे एकदम जोरात, डब्याला चिकटपट्टी लावून स्टेटस टाकतात. फक्त डिसेंबरच्या एका महिन्यात १०,८५० रुपये टाकायला लागतात हे कुणी सांगत नाही. ज्याला डिसेंबरात दहा हजार बाजूला काढता येतात त्याला डबा कशाला लागतोय? आणि ज्याला येत नाहीत त्याचा डबा गणपतीतच फुटतो.

पेट्रोल आपल्याकडं कर्नाटकात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, कोल्हापूरचे पाव्हणे कोगनोळीची हद्द ओलांडून टाकी फुल्ल करून जातात, म्हणजे आपण जेवढं जास्त फिरू तेवढी बचत जास्त.

सोनं घ्या. २०२५ मधे १० ग्रॅमला लाखाच्या वर गेलं, तेव्हा आता फक्त भाव विचारायचा, तो अजून फुकट आहे.

घरातली बाहेरची सगळी कामं बायकांना सांगा. जून २०२३ पासून त्यांना सरकारी बसला तिकीट नाही, मग बाजार, दवाखाना, रेशन, आजारी मामंजींना बघून येणं, सगळं त्यांच्याच गळ्यात घाला आणि वर 'फुकट तर फिरतीयास' म्हणून ऐकवा. फक्त कोल्हापूरला पाठवू नका, हद्दीपलीकडं तिकीट पडतंय. बाकी योजनांच्या बाबतीत आपण सीमाभागातले लोक लईच भाग्यवान, तिकडं नणंदेला लाडकी बहीणचे १५००, इकडं भावजयीला गृहलक्ष्मीचे २०००, आणि दोघी रोज फोन करून एकमेकीला विचारतात, 'तुझं आलं काय गं?'

लग्नात काटकसर जरूर करा, दुसऱ्याच्या. त्यांनी जेवणात दोनच गोड केले की 'पैसा कुठं घालवायचा ते कळतंय त्यांना' असं मांडवात बसून कौतुक करा, आणि आपल्या पोरीच्या वेळी मेहंदी वेगळी, हळद वेगळी, संगीत वेगळं, वर ड्रोन, कारण लोक काय म्हणतील. दोनशे माणसं बोलवायची ठरवून हजार पत्रिका छापा. पैसे कमी पडले तर आहेच की सोसायटीचं कर्ज, दोन जामीनदार आणले की झालं, जामीनदार म्हणजे आपलाच भाऊजी आणि आपलाच गल्लीतला मित्र, पुढं नोटीस त्यांना जाते, आपल्याला कशाला टेन्शन.

आता मुख्य मुद्दा. ठेव ठेवा. साठवलेला पैसा घरात ठेवू नका, सोसायटीत ठेवा.

आमच्या भागात पिग्मी, म्हणजे दारात येऊन रोज थोडे थोडे पैसे नेतात ती ठेव, माहीत नाही असं घर नाही. दोन आणे रोज, अशी ही पिग्मी १९२८ साली उडुपीला सिंडिकेट बँकेत सुरू झाली, ती बँक २०२० मधे कॅनरा बँकेत गेली पण पिग्मी गल्लीबोळात राहिली. माझी मावशी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तंबाखूच्या धुरळ्यानं खोकून खोकून संध्याकाळी घरी आली की पिग्मीवाला दारात. दहा रुपये, वीस रुपये, कधी 'आज ऱ्हाऊदे, उद्या ये'. असं करत करत रक्कम झाली. रक्कम झाल्यावर तोच पिग्मीवाला म्हणाला, मावशी, हे मुदत ठेवीत टाक, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त आहेत, वर वय झालंय म्हणून तुला अर्धा टक्का जादा. पावती मिळाली, ती तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाच्या आत, ट्रंकेच्या तळाला ठेवली. लॅमिनेट करून आणूया म्हणत होती. एवढा विश्वास.

मुदत संपली. मी सोबत गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, साहेब मीटिंगला गेल्यात. पुढच्या वेळी म्हणाला, वसुली चालू आहे, मार्च होऊ दे की ओ. मग म्हणाला, रिन्यू करून घ्या, व्याज वाढवून देतो. अहो जे व्याज आता देता येईना ते वाढवून काय देणार तुम्ही? मग म्हणाला अर्ज द्या, अर्ज दिला तर म्हणाला कन्नडमधे द्या. ते पण करून दिलं, गल्लीतल्या एका पोराला बसवून. तो घेतला आणि ड्रॉवरमधे टाकला. पोच मागितली तर आमच्याकडं असं बघितलं की जसं आम्हीच त्याच्याकडं उसने मागायला आलोय. मावशी त्याला म्हणत होती, 'बाबा, डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, निम्मे तर दे.' स्वतःचे पैसे, निम्मे मागत होती. आणि मागं भिंतीवर तेच कॅलेंडर, तेच हात जोडलेले साहेब. कर्जं कुणाला दिली विचारा. शेतकऱ्याला? दुकानदाराला? त्याला पन्नास हजारासाठी सतरा कागद मागतात. मोठी कर्जं गेली संचालकाच्या मेव्हण्याला, लेआउट पाडायला, आणि प्लॉट विकेनात म्हणून मावशीनं डोळे मिटून गप बसायचं.

बचतीचं महत्त्व शिकवता होय रे तिला? वखारीत आयुष्य गेलेल्या बाईला तुम्ही कॅलेंडरवर सुविचार छापून काटकसर शिकवता? तिनं अनावश्यक खर्च आयुष्यात एकच केला, तुमच्यावर विश्वास ठेवला. कॅलेंडर छापायला पैसे आहेत, वर्धापनदिनाला फुलांची कमान करायला आहेत, चेअरमनच्या वाढदिवसाला पेपरात पानभर जाहिरात द्यायला आहेत. ऑपरेशनला नाहीत.

आणि आता तुम्ही, वाचणारे. तुमच्यावर पण राग आहे माझा, उगाच मान हलवू नका. बँक बुडाली तर डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो, माणशी एका बँकेत व्याज धरून ५ लाखापर्यंत, २०२० च्या आधी तो १ लाखच होता. सहकारी बँकेला पण असतो. पण सोसायटीला तो विमा नाही. पतसंस्थेला नाही, कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्थेला नाही, कितीही मोठा बोर्ड लावू दे. रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली जाहीर सांगितलं की सोसायट्यांनी नावात 'बँक' लावायची नाही आणि त्यांच्या ठेवींना विमा नाही. हे तुमच्यापैकी किती जणांनी ठेव ठेवताना विचारलं? कुणी नाही. व्याज किती ते विचारलं. शेजाऱ्यानं ठेवलेत का ते विचारलं. चेअरमन आपल्यातलाच आहे म्हटल्यावर तर काहीच विचारलं नाही. पोस्टात महिन्याला १०० रुपयांपासून आरडी होते, पीपीएफ वर्षाला ५०० पासून चालतं, पण पोस्टात गेलं की लाइन असते आणि तिथं कोण आपल्याला 'या काका, बसा, चहा घ्या' म्हणत नाही. त्या एका चहाला भुलता तुम्ही.

वार्षिक सभेला जाता ना? कशाला जाता? जेवण आहे आणि सभासदांना स्टीलचा डबा भेट आहे म्हणून. सेक्रेटरी अहवाल वाचायला उभा राहिला की मागून 'मंजूर, मंजूर', ताळेबंदाचं पान कोण उलगडत नाही, थकबाकी किती, संचालकांच्या घरात कर्ज किती, लेखापरीक्षकानं काय शेरा मारलाय, एक माणूस उठून विचारत नाही. उठला तर तुम्हीच त्याचा शर्ट ओढून खाली बसवता, 'जाऊदे की ओ, जेवण गार होतंय.' मी बघितलंय. बसवणारे शिकलेले लोक होते, मास्तर होते, रिटायर साहेब होते. आता तेच लोक काउंटरवर माझ्या मावशीच्या पुढं लाइनीत उभे असतात आणि मला म्हणतात, काहीतरी केलं पाहिजे बघा.

करा की मग. सहकार खात्याकडं लेखी तक्रार द्या, एकट्यानं नको, पन्नास जणांनी मिळून द्या, पोच घ्या. येत्या सभेत अहवाल घरी वाचून या आणि तो डबा घेऊ नका. हे जमत नसलं तर निदान एवढं करा, हा चेअरमन गल्लीतल्या मंडळाचा उद्घाटक म्हणून बोलवायचा बंद करा. पुढच्या गणपतीत परत त्यालाच शाल-नारळ देणार असाल तर वर्गणीची पावती घेऊन माझ्या दारात येऊ नका.