उषवदातानं व्याजाचा दरही कोरून ठेवला होता

नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, त्यामुळे दोन प्रकारचं वाङ्मय मला फुकटात वाचायला मिळतं. खाली चौकात फ्लेक्स, वर डोंगरावर पांडवलेण्यातले शिलालेख. विषय दोन्हीकडे एकच: अमुक एक माणूस किती गुणी आहे. दानशूर, प्रजाहितदक्ष, शत्रूंचा कर्दनकाळ वगैरे. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात गावात एकही नगरसेवक नव्हता, पण 'भावी नगरसेवक' दर खांबाला होते. कार्यसम्राट तर इतके, की शहरात कार्यच शिल्लक राहू नये.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, पूर्वीची माणसं अशी नव्हती, गुप्तदान करायची. होती हो, अशीच होती. लेणं क्रमांक 10 मध्ये जा. नहपान या शक क्षत्रपाचा, म्हणजे इथल्या तेव्हाच्या राज्यकर्त्याचा, जावई उषवदात यानं सुमारे 1900 वर्षांपूर्वी तिथे काय काय कोरून घेतलंय बघा. तीन लाख गाई दान दिल्या, ब्राह्मणांना गावं दिली, तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. सासऱ्याचं नावही व्यवस्थित घेतलंय. आजच्या हिशेबानं बॅनरच की हा, फक्त पावसात फाटला नाही एवढंच.

पण त्याच लेण्यातला त्याचा दुसरा लेख वाचताना मी थांबलो. अकाउंट्समधला माणूस आहे, आकडा दिसला की बेरीज करून बघायची खोड आहे. उषवदात सांगतो की हे लेणं मी भिक्षुसंघाला दिलं आणि त्यासोबत 3000 कार्षापण (त्या वेळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. कुठे? नाशिकजवळच्या गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे. 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दरानं. 1000 दुसरीकडे, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 च्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. आता करा गणित. महिन्याला 20, वर्षाला 240. भागिले वीस, बरोबर बारा. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत ऐकवून, रीतसर नोंदवून मग दगडावर कोरलं. म्हणजे एखाद्या वर्षी भिक्षूला अकराच मिळाले, तर तो भिंतीकडे बोट दाखवून विचारू शकत होता की बारावा कुठे गेला.

तीन लाख गाईंचं मला माहीत नाही, तो आकडा फ्लेक्सवाल्याचाच वाटतो. बारा कार्षापणांवर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे.

ॲरिस्टॉटलनं साधं औदार्य आणि सार्वजनिक कामावरचा मोठा खर्च हे दोन वेगळे सद्गुण मानले. दुसऱ्यात पैसा सैल सोडून भागत नाही, कुठे किती शोभतं याची जाण लागते. ती नसली की त्याचा भपका होतो. उदाहरण देताना त्यानं मंडळातल्या साध्या जेवणाला लग्नाच्या पंगतीएवढा खर्च करणारा माणूस दाखवलाय. ग्रीसमध्येही आपल्यासारखे मंडळाचे अध्यक्ष असणार.

आता नहपानानंतर इथे राज्य करणाऱ्या सातवाहनांकडे येऊ. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. मुलगा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी, राहिला नव्हता, नातू पुळुमावी गादीवर होता, तेव्हा या आजीबाईंनी मुलाचे गुण कोरून घेतले. आईनं मुलाचं केलेलं कौतुक आहे, तेव्हा चार मार्क कमी करूनच वाचायचं. तरी तिनं निवडलेले गुण बघा: नगरजनांच्या सुखदुःखाशी समरस होणारा, धर्माला धरूनच कर घेणारा आणि खर्चणारा, अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेण्याची आवड नसलेला, आईचं ऐकणारा. (हे शेवटचं तिच्याशिवाय कोण लिहिणार.) शिवाय क्षत्रियांचा दर्प आणि मान उतरवणारा.

दुसऱ्यांचा मान उतरवणं सोपं असतं, हातात सैन्य असलं की झालं. स्वतःचा मान कितपत आवरत होता, याचा पुरावा आईच्या लेखात नाही. तो त्याच लेण्याच्या ओसरीत, एका रुक्ष सरकारी आदेशात आहे आणि मला तो संपूर्ण डोंगरावरचा सगळ्यात भारी मजकूर वाटतो. सातकर्णीच्या कारकिर्दीचं 24 वं वर्ष. राजा आणि राजमाता यांच्या नावानं गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे अधिकाऱ्याला, हुकूम जातो. त्याचा सारांश असा: या डोंगरावरच्या भिक्षूंना आम्ही पूर्वी कखडी गावातलं शेत दिलं होतं. ते शेत कसलं जात नाही. गावातही वस्ती नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातली 100 निवर्तनं (जमीन मोजायचं तेव्हाचं माप) त्यांना देत आहोत.

एवढंच. चौकशी समिती नाही, विरोधकांचं षडयंत्र नाही, 'काही घटक अपप्रचार करत आहेत' नाही. दिलेलं दान निरुपयोगी निघालं, ते स्वतःच सांगून बदलून दिलं आणि ही दुरुस्तीसुद्धा दगडावर कोरली. शकांना हरवणारा राजा हा. एका पडीक शेताचं प्रकरण दाबणं त्याला काय अवघड होतं?

आपल्याकडे षड्रिपू सगळ्यांना पाठ असतात. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली यादी थोडी वेगळी आहे. तिथेही शत्रू सहाच, पण मोह आणि मत्सर नाहीत, त्यांच्या जागी मान म्हणजे ताठा आणि हर्ष म्हणजे यशाचा उन्माद हे दोघे आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे कारण सरळ आहे. आपली यादी घरातल्या माणसासाठी, त्याची खुर्चीवरच्या माणसासाठी. प्रत्येक दोषापायी बुडालेल्या राजांची नावंही तो देतो. रावणाचं नाव कुठे असेल? आपण पंचवटीवाले, सीतागुंफेच्या रांगेत उभं राहून मोठे झालेलो. आपण डोळे झाकून 'काम' म्हणणार. कौटिल्य त्याला 'मान' खाली टाकतो. रावण बुडाला तो परक्याची बायको परत न दिल्यामुळे. त्याच ओळीत दुर्योधन, राज्याचा वाटा न दिल्यामुळे. चूक झाली, सगळ्या दरबाराला दिसली, भाऊ सांगून थकला, परत करायची संधी शेवटपर्यंत होती. पण परत केलं तर लोक काय म्हणतील!

आपण पुढाऱ्याला एकाच रिपूवर तपासतो, लोभावर. पैसे खातो की नाही? खात नसेल तर देवमाणूस. लोभ पकडायला लाचलुचपत विभाग तरी आहे, रंग लावलेल्या नोटा आहेत. मान पकडायला कुठला विभाग आहे? आणि हर्ष? जिंकल्यावर जेसीबीतून फुलं उधळताना, डीजेच्या भिंतीसमोर रुग्णवाहिका अडकलेली असताना, तो शत्रू आहे असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

हे फक्त पुढाऱ्यांचं आहे असंही नाही. आमच्या जुन्या सोसायटीत एक चेअरमन होते. माणूस स्वच्छ. सोसायटीच्या पैशानं कधी चहा प्यायले नाहीत, ऑडिटमध्ये रुपयाची चूक नाही. त्यांनी आवारात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. उतार चुकला. पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये. सगळ्यांना दिसलं, त्यांनाही दिसलं. पण 'लेव्हल बघूनच काम झालंय' हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदा गेलं होतं, ते काही मागे येईना. मग पंप आला. पंपासाठी शेड आली. पाणी 'बाहेरून येतंय' म्हणून महापालिकेला पत्रं गेली. मीटिंगमध्ये कुणी विषय काढला की काका म्हणायचे, "मग तुम्हीच सांभाळा सोसायटी." सगळे गप्प. शेवटी एका रात्री वॉचमनमामांनी पहार घेऊन गेटजवळचे दोन ब्लॉक उचकटले आणि पाणी मुकाट्यानं गटारात गेलं. सकाळी चेअरमननी ते बघितलं, काही बोलले नाहीत. मामांना महिनाभर मात्र त्यांनी नमस्कार केला नाही.

लोभी माणूस परवडला असं मी म्हणणार नाही. पण त्या पंपावर सोसायटीचे जे पैसे गेले, ते कुठल्याही भुरट्या चोरानं नेले असते त्यापेक्षा जास्त होते आणि सगळ्याला पक्की बिलं होती.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: निर्णय मागे घेणारा नेता कच्चा दिसतो, लोकांना खंबीर माणूस लागतो. मग काळाराम मंदिराचं बघू. 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, नाशिकमध्ये दादासाहेब गायकवाडांनी धरलेली खिंड. लोकांनी दगड खाल्ले, तुरुंग भोगला, वर्षानुवर्षं चिकाटी सोडली नाही आणि दरवाजे उघडले नाहीत. धैर्य याहून वेगळं काय असतं? आणि 1934 मध्ये बाबासाहेबांनीच गायकवाडांना कळवलं की आता हा सत्याग्रह थांबवावा, शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी. इतकं रक्त आटवल्यावर हे लिहायला काय छाती लागली असेल! हट्ट धरून बसणं सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. पुढच्याच वर्षी 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यांना कच्चं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

घरातल्या आणि बाहेरच्या गुणांची मोजपट्टी मात्र एकच नसावी असं मला वाटतं. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अदंभपणा सांगताना ज्ञानदेव चक्क लोभी माणसाचा दाखला देतात. जीव गेला तरी तो पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही, तसं चांगल्या माणसानं आपलं पुण्य लपवावं. स्वतःच्या खिशातून कुणाची फी भरलीत तर हे अगदी बरोबर, स्टेटसला टाकू नका. पण लोकांच्या पैशातून केलेलं काम लपवायचं नसतं. तिथे उषवदात बरा: नाव मोठं लिही बाबा, हरकत नाही, फक्त खाली रक्कम, दर आणि वाटप लिही.

आता समोर 2027 चा सिंहस्थ आहे. साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात काय रान उठलं ते सगळ्यांनी बघितलंय. दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड मी वाचले. एका बाजूला झाडं म्हणजे सर्वस्व, दुसऱ्या बाजूला विरोध करणारे धर्मद्रोही. मला कुंभ हवा आहे, झाडंही हवी आहेत आणि यात मला काही विसंगत वाटत नाही. मात्र 'एकाच्या बदल्यात अनेक लावू' हे वाक्य ऐकलं की मला कखडीचं शेत आठवतं. लावलेली झाडं जगत नसतील तर तसं लिहून कोण देणार? आणि बदली जमीन कुठली देणार?

म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज करतोय. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, बाकी काही नाही. विचारणार आहे एवढंच: कुठल्या जातीची झाडं, कुठल्या गटात, पाणी घालायचं काम कुणाकडे, किती रकमेला आणि किती जगली हे कोण कधी मोजणार. ज्यांना आपापल्या प्रभागातल्या वृक्षारोपणाबद्दल असाच अर्ज करायचाय त्यांनी इनबॉक्सला सांगा, मसुदा पाठवतो. अर्ज प्रत्येकानं स्वतःच्या सहीनं करायचा आहे, आणि कृपया त्याचा सेल्फी टाकू नका.